परवाना कोणाचा, बंदूक कोणाची?

माझी थोरली बहीण नगरपालिकेत सफाई कामगार आहे. २०१४ साली तिने कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून कर्ज काढले आणि त्या पैशांतून दाजींसाठी बारा बोरची एकनळी बंदूक घेतली. दाजी साधे वॉचमन होते. स्वतःची बंदूक आणि परवाना असलेल्या माणसाला बँकेच्या दारात गनमन म्हणून उभे राहता येते, पगार थोडा जास्त मिळतो, एवढाच त्यामागचा हिशेब. आमच्या घरात शस्त्र आले ते शिकारीसाठी नव्हे, मिरवण्यासाठी नव्हे, भाकरीसाठी आले. कर्जाचे हप्ते चार वर्षे अक्काच्या पगारातून कापले गेले.

पुढे संसार मोडला. वस्तूंची यादी करायला बसलो तेव्हा भांडी, कपाट, शिलाई मशीन झाल्यावर अक्का म्हणाली, "बंदूकबी लिही." दाजी हसले. म्हणाले, "परवाना माझ्या नावावर, पावती माझ्या नावावर. बंदूक हिची कशी?"

मी महाविद्यालयात शिकवतो. कायद्याचा माणूस नाही. पण घरातला पहिला पदवीधर म्हणजे घरचा वकील, तलाठी आणि कारकून सगळे तोच. म्हणून वाचत गेलो, विचारत गेलो. जे समजले ते इथे मांडतो, कारण असे प्रश्न घेऊन आपल्या वस्तीतल्या बाया आधी कार्यकर्त्याच्या दारात येतात, वकिलाच्या नंतर.

पहिली गोष्ट ही की मालकी, ताबा आणि परवाना या तीन वेगळ्या बाबी आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदूक जवळ ठेवता येत नाही. परवाना म्हणजे सरकारने एका माणसाला दिलेली मुभा. ती भांड्यांसारखी वाटून घेता येत नाही. बंदूक मात्र जंगम वस्तू आहे आणि तिची मालकी खरेदी, बक्षीस किंवा वारसा यांवरून ठरते. परवान्यात बंदुकीचा प्रकार आणि क्रमांक नोंदलेला असतो. ती कायदेशीर ताब्याची भक्कम खूण आहे. मालकीचा शेवटचा शब्द नव्हे.

दुसरी गोष्ट पावतीची. दुकानदार बंदूक विकतो ती परवानाधारकालाच. म्हणजे पैसे अक्काचे असले तरी पावतीवर तिचे नाव येणे शक्यच नव्हते. पण याची उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बायकोने पैसे दिले म्हणून वस्तू आपोआप तिची होत नाही. ते पैसे नवऱ्याला भेट दिले, उसने दिले, की वस्तू आपलीच राहील या समजुतीने दिले, हे न्यायालय विचारते. उत्तर कागदाने द्यावे लागते. अक्काजवळ पतपेढीचे कर्जखाते होते, हप्ता कापल्याची पगारपत्रके होती आणि कर्जाची रक्कम ज्या आठवड्यात उचलली त्याच आठवड्यातली दुकानाची पावती होती. नव्हता तो एकच कागद: "हे पैसे मी परत करीन" असे लिहून दिलेला दाजींचा. नवरा-बायकोत कोण लिहून घेतो? आपल्याकडे तर नाहीच.

तिसरी गोष्ट, दाद कुठे मागायची? हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या २७ व्या कलमात लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंचा विचार होतो. लग्नानंतर कित्येक वर्षांनी घेतलेली बंदूक त्यात बसत नाही. स्त्रीधन सासरी नेले तरी ते स्त्रीचेच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. पण नवऱ्याच्या नोकरीसाठी घेतलेल्या वस्तूला स्त्रीधन म्हणणे अवघड. मात्र १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचे सातवे कलम पती-पत्नींच्या मालमत्तेचा कोणताही वाद कुटुंब न्यायालयात नेऊ देते. जिथे ते न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालय आहे.

चौथी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मालकी सिद्ध झाली तरी बंदूक घरी आणता येत नाही. परवाना नसताना ती उचलून आणणारी बाई स्वतःच गुन्हेगार ठरते. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करण्याची सोय २१ व्या कलमात आहे; पण ठरल्या मुदतीत सोडवले किंवा विकले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. परवानाधारकाला आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते.

आणि नवरा त्याच बंदुकीचा धाक दाखवत असेल तर मालकीचा वाद बाजूला ठेवावा. आधी लेखी तक्रार करावी. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार १७ व्या कलमात आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मिळतो.

चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना शस्त्र नाकारले म्हणून ते बंड करू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. १९९५ च्या अत्याचार प्रतिबंधक नियमांतला तिसरा नियम अत्याचारप्रवण भागात सवर्णांचे परवाने रद्द करण्याची आणि गरज पडल्यास दलित-आदिवासींना परवाने देण्याची तरतूद करतो. शस्त्राचा हक्क कागदावर आपल्यापर्यंत आला. पण आपल्याच घरात तो पुरुषाच्या नावावर थांबला आणि त्याची किंमत बाईच्या पगारातून कापली गेली, हे आपण पाहणार की नाही?

अक्काने शेवटी ते पाहायला लावले. पगारपत्रकांची चळत टेबलावर आल्यावर दाजींचे हसणे थांबले. अक्का म्हणाली, "बंदूक ठेवा. तुमची भाकरी हिरावून मला काय मिळणार? पण माझे पैसे द्या." परस्परसंमतीच्या घटस्फोटात कर्जाची पूर्ण रक्कम हप्त्यांनी देण्याची अट लिहिली गेली आणि हुकूमनाम्यात आली. तोंडी राहिली असती तर ती हवेतच विरली असती.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे. बाई दारात आली की तिला आधी "काय झाले?" विचारा. मग लगेच विचारा, "कागद कुठे आहेत?" अक्काची पगारपत्रके पिठाच्या डब्यामागे, प्लास्टिकच्या पिशवीत होती. तिला वाचता येत नाही. तरी तिने एकही फेकले नव्हते.