स्टे२ हा रिसेप्टरच आहे, हे कशावरून?

नेट-सेटच्या अभ्यासात यीस्टच्या मेटिंगची आकृती तुम्ही नक्कीच पाहिली असेल. वर पेशीचं पटल, त्यात सात वेळा आत-बाहेर विणलेला रिसेप्टर, खाली बाणांची रांग. ती पाठ होते, मार्कही मिळतात. पण मुलाखतीत कुणी विचारलं, की “हाच रिसेप्टर आहे, हे कळलं कसं?” तर बरेच जण अडखळतात. आज तेवढाच प्रश्न घेऊ. कारण आकृतीपेक्षा या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पीएचडीत जास्त उपयोगी पडणार आहे.

आधी थोडी उजळणी. पावात आणि दारूत वापरलं जाणारं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्याच्या एकगुणित पेशी दोन प्रकारच्या असतात: ‘ए’ आणि ‘अल्फा’. अल्फा पेशी १३ अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड बाहेर सोडतात, तो अल्फा-फॅक्टर. ‘ए’ पेशी १२ अमिनो आम्लांचा, शेपटाला चरबीचा तुकडा जोडलेला ए-फॅक्टर सोडतात. समोरच्याचा फेरोमोन जाणवला की पेशी विभाजन थांबवते आणि त्या दिशेने फुगवटा काढते. मग दोन पेशी एकमेकींत मिसळतात. अल्फा-फॅक्टर ओळखतो तो स्टे२, आणि ए-फॅक्टर ओळखतो तो स्टे३. ‘स्टे’ हे नाव स्टेराइल, म्हणजे वंध्य, या शब्दावरून आलं.

आता मुद्द्याचं. लेलँड हार्टवेल यांनी १९८० मध्ये असे म्युटंट प्रसिद्ध केले, जे अल्फा-फॅक्टर असतानाही विभाजन थांबवत नव्हते. युक्ती साधी होती: ‘ए’ पेशींना अल्फा-फॅक्टर द्यायचा. नॉर्मल पेशी थांबतात, बहिऱ्या पेशी वाढत राहतात. वाढतील त्या उचलायच्या.

पण अशा म्युटंटमध्ये बरीच जनुकं सापडली. त्यातलं रिसेप्टरचं कोणतं? इथे एक सुंदर कसोटी लावता येते. स्टे४, स्टे५, स्टे७, स्टे११ यांत बिघाड झाला तर ‘ए’ आणि अल्फा, दोन्ही प्रकारच्या पेशी वंध्य होतात. स्टे२ बिघडलं तर फक्त ‘ए’ पेशी. म्हणजे पहिली जनुकं दोघांच्या सामायिक यंत्रणेतली, आणि स्टे२ फक्त ‘ए’ पेशींच्या कामाचं. रिसेप्टरकडून आपली हीच अपेक्षा असते.

मग झालं का सिद्ध? नाही! इथेच खूप जण घाई करतात. “जनुक काढलं, प्रतिसाद गेला, म्हणून हाच रिसेप्टर” हे वाक्य अर्धवट आहे. स्टे२ रिसेप्टर बनवायचा हुकूम देणारं जनुक असू शकतं. रिसेप्टरला पृष्ठभागावर पोचवणारं असू शकतं. तिन्ही शक्यतांमध्ये निकाल एकच दिसेल: पेशी बहिरी.

मग पेशीला फेरोमोन चिकटतो का, हे मोजा. १९८३ मध्ये जेनेस, बर्कहोल्डर आणि हार्टवेल यांनी किरणोत्सारी अल्फा-फॅक्टर वापरून तेच केलं. स्टे२ म्युटंटमध्ये तो चिकटत नव्हता. पण नीट विचार करा, वरच्या तीन शक्यता अजूनही तशाच उभ्या आहेत. रिसेप्टर बनलाच नाही, तरी चिकटणं थांबेलच ना?

ही कोंडी फोडली ती तापमान-संवेदी म्युटंटनी. हे म्युटंट कमी तापमानाला ठीक वागतात, वाढवलं की बिघडतात. कमी तापमानाला वाढवलेल्या पेशींवर रिसेप्टर आधीच तयार होऊन बसलेला असतो. आता तापमान वाढवा. स्टे२ नुसतं हुकूम देणारं जनुक असेल, तर तयार रिसेप्टर लगेच बिघडायचं कारण नाही. पण या म्युटंटमध्ये चिकटण्याची क्षमताच उष्णतेने ढासळली. म्हणजे उष्णतेला नाजूक झालेला भाग खुद्द रिसेप्टरचा होता.

१९८५ मध्ये स्टे२ जनुकाचा क्रम वाचला गेला. प्रथिनात पटलात रुतून बसतील असे सात पट्टे दिसले, डोळ्यातल्या ऱ्होडोप्सिनसारखे. आधीच्या पुराव्याला ही छान जोड होती. लक्षात घ्या, नुसतं साम्य हा पुरावा नसतो, तो इशारा असतो.

शेवटचा प्रश्न: स्टे२ *आवश्यक* आहे हे कळलं, पण पेशीने काय ऐकायचं हे ठरवायला तो *पुरेसा* आहे का? १९८६-८७ च्या सुमारास दोन गटांनी अल्फा पेशींत स्टे२ घातलं. एरवी या पेशींना अल्फा-फॅक्टरशी काही देणंघेणं नसतं. आता मात्र त्या त्याला प्रतिसाद देऊ लागल्या. गंमत म्हणजे, त्या स्वतःच अल्फा-फॅक्टर सोडतात. त्यामुळे स्टे२ जबरदस्तीने चालू केलेल्या अल्फा पेशी स्वतःच्याच हाकेने थांबल्या! आतली यंत्रणा दोघांची एकच, फक्त कान बदलला.

ही कल्पना पुढे कुठवर गेली बघा. १९९० मध्ये माणसाचा बीटा-२ अॅड्रेनर्जिक रिसेप्टर, जोडीला सस्तन प्राण्याचं जी-प्रोटीन, यीस्टमध्ये घातलं गेलं, आणि यीस्टची मेटिंगची यंत्रणा माणसाच्या रिसेप्टरच्या इशाऱ्यावर चालू झाली.

आणि एक सावधगिरी. “मेटिंग रिसेप्टर” हे नाव आपण दिलं, बुरशीने नाही. २०१५ मध्ये दिसलं, की टोमॅटोवर मर रोग आणणारी फ्युझॅरियम बुरशी आपला स्टे२ मुळांकडून येणाऱ्या पेरॉक्सिडेज एन्झाइमांचा माग काढायला वापरते. स्टे२ला फक्त मेटिंगपुरता समजणाऱ्याला हा प्रयोग सुचलाच नसता.

तेव्हा पुढचा पेपर हाती घेताना चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. काढल्यावर काय गेलं? कुणात गेलं आणि कुणात नाही गेलं? हाच निकाल आणखी कोणत्या कारणाने दिसू शकतो? दुसरीकडे घातल्यावर काय आलं? लेखकांनी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नसेल, तर तुमच्या प्रपोजलचा विषय कदाचित तिथेच आहे.