चिंध्यांचा कागद, रद्दीची वही

धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरासारख्या संग्रहात हस्तलिखिते पाहू लागले, की पोथ्यांच्या शेजारीच बाडे भेटतात. पोथीचे सगळे नेटके असते. पाने सुटी, समास आखलेला, अक्षर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका ठशातले. बाड मात्र शिवलेले असते, बहुधा आखूड बाजूने, आणि वरच्या दिशेने उलगडते. त्यात अभंग असतो, त्याच्याखाली एखाद्या काढ्याचे प्रमाण असते, पुढे उसनवारीचा हिशेब, मग कीर्तनात सांगायच्या आख्यानाचे टिपण. मध्येच शाई बदलते, हात बदलतो. नामदेव परंपरेचे अमेरिकी अभ्यासक ख्रिश्चन नोवेत्झकी यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या बाडांना मोठे स्थान दिले आहे, ते याचसाठी. पोथी वाचकासाठी लिहिलेली असते, बाड ज्याने लिहिले त्याच्या स्वतःच्या वापरासाठी. ते जवळ बाळगायचे, लागेल तसे भरायचे आणि गरज पडली की चाळायचे.

आज ‘आर्ट जर्नल’ किंवा ‘जंक जर्नल’ या नावाने हाताने बांधलेल्या, चिकटवलेल्या, रंगवलेल्या वह्यांची जी हौस मुलामुलींमध्ये दिसते, ती पाहताना मला ही बाडे आठवतात. हौस चांगलीच आहे. खटकते ते एवढेच, की तिच्यासोबत बाजारात तयार संचही आले आहेत: छापील पिवळटपणा, छापील गुलाब, कधी कुठे न गेलेल्या पत्रांवरचे छापील शिक्के. ज्या घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा, आजीच्या इरकलीचा काठ आणि जुन्या कालनिर्णयाची पाने आहेत, त्या घराने नवा जुनेपणा विकत आणावा, हे काही पटत नाही. वापरलेल्या वस्तूंतून वही घडवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिची सुरुवात खुद्द कागदापासून होते.

लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकातला. त्याआधी कित्येक शतके कागद व्हायचा तो बराचसा टाकाऊ मालाचा. इ. स. १०५ मध्ये चीनच्या दरबारात त्साय लुन याने कागदाची कृती सादर केली असे मानतात. तिच्यात झाडाच्या सालीबरोबर चिंध्या आणि माशांची फाटकी जाळीही होती. आपल्याकडच्या कागदी, म्हणजे कागद करणाऱ्या, लोकांनी चिंध्या, झिजलेले दोर आणि फाटकी गोणपाटे घेतली. हा माल चुन्यात भिजवायचा, पायाने दाबायच्या ढेकीखाली कुटायचा, वाहत्या पाण्यात धुवायचा आणि पुन्हा कुटायचा. तंतू अगदी मोकळे झाले की लगदा हौदात सोडायचा. मग कारागीर हौदाशी बसून, लाकडी चौकटीवर पसरलेली गवतकाड्यांची बारीक चटई पाण्यात तिरपी बुडवतो, आडवी करून वर उचलतो आणि क्षणभर हलवतो. पाणी गळून जाते आणि चटईवर ओलसर साय धरते. तोच कागद. तो गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवायचा, खळ फिरवायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. बोरूची शाई फुटू नये म्हणून घोटण्याचे काम फार मन लावून होई. घोटीव कागदावरचे मोडी अक्षर अडीचशे वर्षांनंतरही कडा धरून असते, त्याचे श्रेय लेखकाइतकेच घोटणाऱ्या हाताला आहे.

जुन्नरचा कागद मराठी दप्तरांत नावाजलेला होता. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामधल्या कागजीपुऱ्यात कागदी घराण्यांनी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या टिकवला. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा आपले पूर्वज आले, असे तिथली परंपरा सांगते. भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी कागदाच्या भारतातील प्रवासावर बारकाईने लिहिले आहे.

गिरणीच्या स्वस्त कागदाने हा धंदा मोडकळीला आणला. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली जे ग्रामोद्योग पुन्हा उभे करण्याचे प्रयत्न झाले, त्यांत हातकागद होता. के. बी. जोशी यांनी या कामाला वाहून घेतले, त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९४० मध्ये पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. इथे सुती कपड्यांच्या कातरणाचा कागद झाला. कापडाच्या कारखान्यात कात्रीतून खाली पडते ते कातरण कागदाला उत्तम, कारण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. वर्तमानपत्राच्या कागदाला उन्हात पिवळा आणि ठिसूळ करणारे लिग्निन त्यात नसते. मायकेल अँजेलोने ज्यावर रेखाटने केली तो इटलीतला कागदही चिंध्यांचाच होता.

खुद्द गांधीजींचा कागदाचा वापर आठवावा असा आहे. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजू ते जपून ठेवत आणि लिफाफे उलटवून त्यांवर मजकूर लिहीत. २ जून १९४७ रोजी माउंटबॅटन त्यांच्याशी फाळणीच्या योजनेवर बोलायला बसले. तो सोमवार, म्हणजे गांधीजींचा मौनवार. त्यांनी आपली उत्तरे वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून दिली.

मराठी घरांतला जून महिनाही आठवून पाहावा. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने काढायची, एकावर एक नीट लावायची, दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवायची आणि वरून कॅलेंडरचे पान चढवायचे. गणितासाठी कच्ची वही तयार. हेच काम थोड्या अधिक ज्ञानाने केले, की जन्मभर टिकणारे जर्नल हाती येते. त्या थोड्याशा ज्ञानाबद्दल तपशिलात लिहायला हवे, कारण सजावटीवर सगळेच बोलतात आणि बांधणीवर फार थोडे.

पहिली गोष्ट तंतूंच्या दिशेची. वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडा: सरळ पट्टी निघते. आता आडवे फाडा: चीर वाकडीतिकडी पळते. यंत्रावरच्या कागदात तंतू धावेच्या दिशेने लागतात, म्हणून असे होते. ओल लागली की कागद त्या दिशेच्या आडवा फुगतो. वहीची घडी तंतूंना समांतर पडली तर पाने सैल, शांत उलटतात. आडवी पडली तर वही मिटत नाही, खळ लागली की पुठ्ठा वाकतो आणि घडीवर कागद तडकतो. लग्नपत्रिका, ब्राउन पेपर, नकाशा, जे काही हाती येईल ते आधी हलके वाकवून बघावे. ज्या दिशेने सहज वाकते, तिकडे घडी. हातकागदाचे तंतू सगळीकडे पसरलेले असल्याने त्याला ही अडचण जवळजवळ नसते.

मग फर्मे. चार ताव मधून दुमडले की सोळा पृष्ठांचा एक फर्मा. भिन्न जातींचे कागद एकत्र करायला हरकत नाही, पण प्रत्येक फर्म्याचा बाहेरचा ताव चिवट हवा, कारण दोऱ्याचा ताण त्याच्यावर येतो. ब्राउन पेपर किंवा हातकागद तिथे घालावा. वर्तमानपत्राचा कागद आत, मधल्या जागी. सुती दोरा मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे तो गुंतत नाही आणि भोकात पकडून बसतो. घडीवर टोच्याने पाच भोके पाडायची, मधल्या भोकातून सुरुवात करून टोकांपर्यंत जायचे आणि परत मध्याला येऊन गाठ मारायची. दोरा ओढताना घडीच्या रेषेतच ओढावा. आडवा ओढला की भोक फाटते.

व्यापाऱ्याची लाल कापडी बही ज्यांनी उघडून पाहिली असेल, त्यांना या शिलाईचे आपले रूप ठाऊक आहे. मऊ, अस्तर लावलेले कापडी वेष्टण, त्यातून थेट पार झालेला पांढरा दोरा आणि गुंडाळून बांधायला बंद. आत आखलेली रेघ नसते, कागदाला उभ्या घड्या घालून रकाने पाडलेले असतात. दिवाळीत वहीपूजनाला हळदकुंकू लागते ते याच वहीला. हिशेब संगणकावर गेले तरी पूजेपुरती ती अजून घेतली जाते. जर्नलसाठी यापेक्षा सोयीचा नमुना मला माहीत नाही: कणा कडक नसल्याने वही सपाट उघडते आणि पाने फुगली तरी वेष्टण सामावून घेते. वेष्टणाला जुन्या गोधडीचा तुकडा उत्तम. धावदोऱ्याने आधीच सगळीकडून शिवलेला असल्यामुळे तो ताणाला फाटत नाही. आतून खणाच्या कापडाचे अस्तर दिले की झाले.

फुगण्याचा प्रश्न मात्र आधीच सोडवावा लागतो. चिकटवलेल्या वहीचे तोंड उघडे पडते, कारण पानांच्या बाहेरच्या बाजूला जाडी वाढते आणि कण्याशी वाढत नाही. उपाय जुन्या फोटो अल्बममध्ये आहे. बांधतानाच प्रत्येक पानामागे एक बोट रुंदीची पट्टी घडीत शिवून टाकायची. पट्ट्या कण्याला जाडी देतात आणि मागाहून चिकटवलेल्या कागदाला जागा मिळते. नको असलेल्या पत्रिका चिरून या पट्ट्या छान होतात.

चिकटवायला खळ. एक भाग मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग पाच-सहा भाग पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहायचे. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. बाइंडर मंडळी कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरात मुलांच्या हाती द्यायच्या खळीत नको. थोडीच करावी आणि ताजी वापरावी. १९५९ मध्ये आलेल्या फेव्हिकॉलने हे काम सोपे केले, आणि कापड पुठ्ठ्यावर बसवायला तो चांगलाच. पण आजोबांच्या हातचे पत्र पानावर लावायचे असेल तर खळच घ्यावी. खळ पाण्याने सुटते, म्हणजे उद्या ते पत्र पुन्हा काढता येते. फेव्हिकॉल सोडत नाही.

काय चिकटवावे याला सीमा नाही. पण एका कागदाबद्दल सावध करतो. एसटीच्या कंडक्टरने पेटीतून काढून चिमट्याने टिचकवलेली जुनी रंगीत तिकिटे छापील शाईची, त्यामुळे ती राहतात. यंत्रातून येणारे आजचे तिकीट थर्मल कागदाचे. त्याच्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळवंडणारा लेप असतो. काही महिन्यांत अक्षरे उडतात, उन्हात अख्खे तिकीट करडे पडते. पहिल्या नोकरीला निघालेल्या दिवसाचे तिकीट ठेवायचे असेल तर त्याची झेरॉक्स काढून तीच लावावी.

गुळगुळीत कॅलेंडरावर रंग धरत नाही. पांढऱ्या पोस्टर रंगात थोडा फेव्हिकॉल मिसळून एक हात दिला की त्यावर लिहिता आणि रंगवता येते, आणि खालच्या तिथ्या अंधुक दिसत राहतात. भेंडीचा आडवा काप ठसा म्हणून सुरेख उमटतो. हळदीचा पिवळा मोहक, पण प्रकाशात टिकत नाही. त्याला चुन्याचा स्पर्श झाला तर तो लाल होतो, हे मात्र मुद्दाम करून बघण्यासारखे आहे. काजळी आणि बाभळीचा डिंक यांची शाई कधीच उडत नाही, कारण तिचा रंग म्हणजे निव्वळ कार्बन. मोडी दप्तरे आजही काळीभोर दिसतात ती त्यामुळे. चहात बुडवून कागद जुनाट करण्याची चाल मला पसंत नाही. कागदाला त्याचे वय त्याच्या वेळेने यावे, आणि ज्याच्यावर खरे वय आहे असा कागद आपल्या घरांत भरपूर पडला आहे.

छापील पुस्तकालाच वही करायचे असेल तर टॉम फिलिप्स या इंग्लिश चित्रकाराचे काम पाहावे. १९६६ मध्ये त्यांनी लंडनच्या एका दुकानातून डब्ल्यू. एच. मॅलक यांची १८९२ सालची एक विस्मृतीत गेलेली कादंबरी तीन पेन्सला घेतली. तिच्या प्रत्येक पानावर त्यांनी रंग भरला, रेषा काढल्या आणि मूळ मजकुरातले मोजके शब्द मोकळे ठेवले. त्या शब्दांतून नवीच गोष्ट उभी राहिली. पाने पुन्हा पुन्हा नव्याने करत ते या पुस्तकावर पन्नास वर्षे राबले. ‘अ ह्युम्युमेंट’ची अखेरची आवृत्ती २०१६ मध्ये आली. रद्दीच्या दुकानात जुनी टेलिफोन डिरेक्टरी, बाद झालेली गाइडे, रेल्वेची वेळापत्रके किलोवर मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असला माल जमिनीवर पसरलेला असतो. हजारोंनी छापलेल्या अशा गोष्टींवर बिनदिक्कत ब्रश चालवावा.

पण त्याच ढिगात कधी मोडीतला हातकागद निघतो. लांबट, घोटीव, कडेला कसरीची भोके पडलेला. दिसायला इतका देखणा, की पार्श्वभूमी म्हणून कापून लावण्याचा मोह होतो, आणि असे तुकडे विकलेही जातात. हे मला सहन होत नाही. जुनी दप्तरे वाण्याच्या पुड्यांना गेल्याच्या कहाण्या महाराष्ट्रात कमी नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते असेच कागद वाचवायला, आणि १८९८ मध्ये निघालेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड वाईत मिळालेल्या कागदांतून उभा राहिला. वाचता न येणारा कागद बिनमोलाचा असे कोणी समजू नये. तो जमिनीच्या वाटणीचा असेल, कर्जरोख्याचा असेल, एखाद्या गावाच्या वतनाचा असेल. असा कागद हाती आला तर तो न दुमडता, न चिकटवता, स्वच्छ सुती फडक्यात ठेवावा आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी जाणणाऱ्याला दाखवावा. त्याचा फोटो काढून हातकागदावर छापून घ्यावा, तो छापील ताव खुशाल कापावा, आणि वाचन झाले की त्यातला मजकूर देवनागरीत शेजारच्या पानावर आपल्या अक्षरात उतरवून घ्यावा.