चाफा म्हणजे नेमका कोणता?

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध रुग्णास आम्ही तोंडी सांगितले, "चाफ्याची साल आणा, काढा कसा करावयाचा ते दाखवितो." चार दिवसांनी त्यांचे चिरंजीव साल घेऊन आले. सालीच्या कडांना पांढरा चीक वाळून चिकटला होता. ती देवळामागच्या खुरचाफ्याची साल होती. ही साल तीव्र रेचक. दुर्बल रुग्णाने घरीच काढा करून घेतला असता तर काय झाले असते, या विचाराने आम्हांस आजही अस्वस्थ वाटते. चूक त्या मुलाची नव्हती. 'चाफा' एवढेच म्हणणारे आम्ही होतो.

वस्तुतः मराठीत चाफा हे एका वनस्पतीचे नाव नव्हेच. भावप्रकाशाच्या पुष्पवर्गातील चंपक म्हणजे सोनचाफा, मॅग्नोलिया चंपका. जुन्या पुस्तकांत हाच मायकेलिया चंपका. खुरचाफा मात्र प्लुमेरिया, मूळचा अमेरिका खंडातला, कण्हेरीच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, तर पाने येण्यापूर्वीच जमिनीतून फुलणारा भुईचाफा आल्या-हळदीच्या कुळातला. एका नावाखाली अशी चार कुळे नांदतात.

नागचाफ्याचा घोळ याहून मोठा आहे. चातुर्जातातील नागकेशर म्हणजे मेसुआ फेरियाचे पुंकेसर. 'चाम्पेय' हा पर्याय भावप्रकाशात चंपकासही आहे आणि नागकेशरासही. त्यात अलीकडे रोपवाटिकांतून 'नागचंपा' म्हणून जे झुडूप मिळते ते प्लुमेरिया पुडिका. पान नागाच्या फणीसारखे म्हणून हे नाव. बाजारात तर नागकेशर म्हणून सुरंगीच्या वाळलेल्या कळ्याही सर्रास विकल्या जातात.

मग अनोळखी फूल समोर आले असता ओळखावे कसे? रंगावर विसंबू नये. एकाच प्लुमेरिया रुब्राची फुले पांढरी, पिवळी, गुलाबी, लाल अशी सर्व रंगांत येतात. पिवळे दिसले म्हणून तो सोनचाफा ठरत नाही. आम्ही प्रथम पानाचा देठ मोडतो. पांढरा चीक आला तर सोनचाफा बाद. (तो चीक त्वचेस व डोळ्यांस दाहक असतो, हात धुवावेत.) मग पाकळ्या मोजाव्यात. खुरचाफ्याच्या पाच, बुडाशी जुळून नळी झालेल्या व एकमेकींवर पिळलेल्या; हिरव्या चाफ्याच्या सहा, जाड; नागचाफ्याच्या चार पांढऱ्या आणि मध्ये सोनेरी केसरांचा झुपका. सोनचाफ्याच्या पुष्कळ व अरुंद, आणि त्यांच्या मध्यभागी लहानसा दांडा, ज्यावर केसर व बीजकोश मळसूत्री रचलेले असतात. फूल नसेल तर कोवळी फांदी पाहावी: सोनचाफ्याच्या फांदीवर प्रत्येक पानाशी गळलेल्या उपपर्णाचे वलय राहते. हिरव्या चाफ्यास फुलाच्या देठाशी वाकडा आकडा असतो, त्याच्या आधारे तो वर चढतो.

आता आम्ही चिठ्ठीवर 'सोनचाफा' असे पूर्ण नाव लिहितो आणि पानाफांदीसह फूल आणावयास सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका गृहिणीने पिशवीतून हिरवा चाफा आणला. पिशवी उघडण्यापूर्वीच दवाखाना त्या वासाने भरून गेला होता; तरीही आम्ही आकडा शोधून पाहिलाच.