कोणाला कोणाशी बोलायचंय?

सदाशिव पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात सगळं एकाच स्विचवर होतं: हिशेबाचे संगणक, टॅलीचा सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे, अंगठ्याची हजेरी, क्लायंटसाठीचं वायफाय. बाहेर बाकावर बसलेल्याच्या मोबाइलपासून टॅलीच्या सर्व्हरपर्यंत वाट मोकळीच. ती बंद करण्याचं काम मी जवळून पाहिलं.

नेटवर्कवाल्या मुलानं आधी कागद काढला. "मॅडम, प्रिंटर कोणाकोणाला लागतो? कॅमेरे कोण बघतं?" मग एकेक केबल शोधून तिला चिठ्ठी लावली. निम्मा वेळ यातच गेला.

मग मॅनेज्ड स्विचवर तीन व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचे आभासी विभाग, पडले: 10 कर्मचाऱ्यांचा, 20 उपकरणांचा, 30 पाहुण्यांचा. 1998 साली आलेल्या 802.1क्यू या मानकानुसार डेटाच्या प्रत्येक फ्रेमला चार बाइटांची खूण जोडता येते. तिच्यातले 12 बिट विभागाचा क्रमांक सांगतात. त्यामुळे स्विच, राउटर आणि वायफाय यांच्यामधल्या एकाच तारेतून तिन्ही विभागांची वाहतूक जाते, पण मिसळत नाही.

नुसत्या वाटणीनं मात्र भागत नाही, कारण राउटर विभागांना पुन्हा जोडतो. म्हणून फायरवॉलमध्ये विभागांमधलं सगळं आधी बंद, मग कागदावर होतं तेवढंच उघडलं. कर्मचाऱ्यांना कॅमेरे दिसतात, कॅमेऱ्यांना आपणहून संगणकापर्यंत जाता येत नाही. पाहुण्यांना फक्त इंटरनेट.

उपकरणांच्या विभागात गेलेला प्रिंटर संगणकांवरच्या यादीतून नाहीसा झाला. प्रिंटर शोधणारी हाक विभागाची हद्द ओलांडत नाही. त्याला कायमचा आयपी पत्ता देऊन प्रत्येक संगणकावर तो हातानं जोडावा लागला.

शेवटी परीक्षा. पाहुण्यांच्या वायफायवरून सर्व्हरला पिंग केलं, उत्तर नाही. कॅमेऱ्याची तार काढून तिथं लॅपटॉप लावला, तरी नाही.

एवढा खटाटोप हवाच. 2016 मध्ये मिराई या मालवेअरनं कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर जगभर ताब्यात घेतले होते. पुण्यातच ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरलं आणि सुमारे 94 कोटी रुपये गेले. बँकेची यंत्रणा आणि छोटं ऑफिस यांची तुलना होत नाही, पण प्रश्न दोन्हीकडे तोच: आत शिरलेल्याला कुठपर्यंत जाता येतं?

सीएंकडे लोकांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे असतात. ते विश्वासानं सोपवणाऱ्या माणसाला त्या ऑफिसचा स्विच कधीच दिसत नाही. तो नीट ठेवण्याची जबाबदारी ऑफिसचीच. नवं उपकरण आलं की त्याची नोंद आधी कागदावर व्हावी, मग त्याची तार स्विचला लागावी.