सातबाऱ्याचें दप्तर संकेतस्थळावर

कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरीं ट्रंकेच्या तळाशीं जपून ठेविलेला एखादा कागद असेल, तर तो बहुधा सातबाऱ्याचा उतारा होय. गांव नमुना 7 मध्यें जमिनीवर कोणाचे काय हक्क आहेत हें लिहिलेलें असतें. नमुना 12 मध्यें पिकांची नोंद असते. पूर्वीं हा उतारा तलाठी हातानें लिहून देत. पुढें तीच माहिती कचेरींतील संगणकांत भरण्यांत आली, आणि आतां ती संकेतस्थळावर कोणासही पाहतां येते. दुसऱ्यांनीं भरलेलें जुनें दप्तर असें सर्वांपुढें कसें मांडतात, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली अडचण अक्षरांची. संगणक अक्षर जाणत नाहीं, संख्या जाणतो. जुन्या मराठी फाँटांत ह्या संख्या निरनिराळ्या असत. त्यामुळें एका यंत्रावरील नांव दुसऱ्यावर निरर्थक खुणांची ओळ होई. 1991 सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडनें देवनागरी वर्णांस सर्वत्र एकच संख्या दिली. जुन्या नोंदी प्रथम तींत उतरवाव्या लागतात.

दुसरी अडचण कोष्टकांची. गट क्रमांक एका कोष्टकांत, खातेदार दुसऱ्यांत, फेरफार तिसऱ्यांत, अशी मांडणी असते. त्यांना जोडणारा धागा तुटला, तर जमीन एकाची व नांव दुसऱ्याचें होतें. म्हणून खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशीं ताडून पाहतात.

तिसरी गोष्ट अधिकाराची. वाचण्याची मोकळीक सर्वांस. लिहिण्याची मात्र नाहीं. फेरफार तलाठ्यानें नोंदवावा व मंडळ अधिकाऱ्यानें प्रमाणित करावा. 1 मे 2018 रोजीं डिजिटल सहीचा उतारा देण्यास आरंभ झाला, त्यामुळें घरबसल्या मिळालेला कागदही कचेरींत ग्राह्य ठरूं लागला.

परंतु मुख्य गोष्ट निराळीच आहे. संगणक चूक सुधारीत नाहीं, ती जशीच्या तशी उतरवितो. आमच्या एका विद्यार्थ्यानें घरीं उतारा मोठ्यानें वाचला, तेव्हां आपलें नांव त्यांत नाहीं हें त्याच्या आजीस प्रथम कळलें. हस्तलिखित फेरफारांत तें होतें. संगणकांत भरतांना गळलें होतें. आपल्या भागांत फार्महाउसांसाठीं जमिनींचे व्यवहार होतात. तेथें गळलेलें नांव म्हणजे गेलेली भाकर होय. हा धोका ओळखूनच 2017 सालीं उतारे ग्रामस्थांपुढें वाचण्याची चावडीवाचनाची मोहीम झाली होती. अशी लेखनांतील चूक आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 अन्वयें, जुन्या नोंदीची नक्कल जोडून, तहसीलदारांकडे अर्ज करतां येतो.

मापाखालचा दिवा आतां दिवठणीवर आला आहे. त्याच्या उजेडांत पाहणें हें आपलें काम. तेव्हां विद्यार्थ्यांनो, ह्या सुटींत वडील मंडळींजवळ बसा, ट्रंकेंतील जुना उतारा काढा, आणि नव्या उताऱ्याशीं एकेक ओळ ताडून त्यांना वाचून दाखवा. तुमच्या शिक्षणाचा ह्याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाहीं.