नगरपालिकेची मतदार यादी

लहान शहरांतील नगरपालिकेची निवडणूक मतदानाच्या दिवशीं होते, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः तिचा बराचसा भाग कांहीं आठवडे आधींच, कचेरींत प्रारूप मतदार यादी लागते तेव्हां, उरकलेला असतो. त्या यादीपुढें उभे राहतात ते बहुधा उमेदवारांचे कार्यकर्ते. ज्यांचीं नांवें तींत असावयाचीं ते गृहस्थ बाजार करून परस्पर घरीं जातात.

ही यादी नगरपालिका नव्यानें तयार करीत नाहीं. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवितो, त्या तारखेची विधानसभेची यादी घेतली जाते व तिचेच प्रभागवार भाग पाडतात. २ डिसेंबर २०२५ रोजीं महाराष्ट्रांतील बहुतेक नगरपरिषदांचें मतदान झालें, त्यासाठीं १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर अठरा वर्षें पुरीं केलेला तरुण वयानें पात्र होऊनही मताला मुकला. हरकतींची मुदत असते, पण मूळ यादींत नसलेलें नांव तींत नव्यानें घालतां येत नाहीं. घर एका प्रभागांत व नांव दुसऱ्या प्रभागांत, हा घोटाळा मात्र त्या मुदतींत दुरुस्त होतो. प्रभागाची सीमा गल्लीच्या मधून जाते तेथें असें सहज घडतें. मुदत टळली कीं त्या कुटुंबाची स्थिति चमत्कारिक होते. दाराशीं तुंबलेल्या गटाराची तक्रार ज्या नगरसेवकाकडे न्यावयाची, त्याला या घराच्या मताची गरजच नसते.

पूर्वीं हें मत इतकें सुलभ नव्हतें. महात्मा फुले १८७६ पासून पुणें नगरपालिकेचे सभासद होते, ते सरकारनें नेमलेले. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर लोकनियुक्त सभासद वाढले, तरी मत मुख्यतः कर भरणारांचेंच राहिलें. प्रौढ मतदान आल्यावर घरपट्टीच्या पावतीचा आणि मताचा संबंध तुटला. पुढें १ जून १९९३ रोजीं अंमलांत आलेल्या घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें, पांच वर्षांची मुदत संपण्यापूर्वींच निवडणूक घ्यावी असें ठरविलें. तरी २०१६ च्या अखेरीस मतदान केलेल्या बहुतेक शहरांस पुढचें मतदान २०२५ पर्यंत लाभलें नाहीं. मधलीं कांहीं वर्षें प्रशासकांच्या हातीं गेलीं. असो.

मतदानाच्या खोलींतही एक घोटाळा होतो. प्रभागांत बहुधा 'अ' व 'ब' अशा दोन जागा असतात. शिवाय नगराध्यक्षाचें मत निराळें. (नगराध्यक्षाची थेट निवड २०१६ मध्यें होती, २०२० मध्यें गेली, २०२२ मध्यें परत आली.) म्हणजे मतदाराला तीन मतें द्यावयाचीं असतात. एक कळ दाबून बाहेर पडूं पाहणारे आजोबा अधिकाऱ्यांना परत बोलवावे लागतात. एकाच जागेवर दोन मतें मात्र देतां येत नाहींत. कोणीच पसंत नसेल तर तशीही कळ प्रत्येक जागेस असते.

समान मतें पडल्यास निकाल चिठ्ठीनें लागतो. २०१७ सालीं मुंबई महानगरपालिकेच्या प्रभाग २२० मध्यें असेंच झालें. लहान शहराच्या प्रभागांत मतदार त्याहून पुष्कळच थोडे. तेथें एका वाड्यांतील पांच नांवें पलीकडच्या यादींत गेलीं तरी निकाल फिरूं शकतो. प्रारूप यादी कचेरींत पाहावयास मिळते, आतां संकेतस्थळावरही. नांव, घरक्रमांक व प्रभाग ताडून पाहण्यास पांच मिनिटें पुरतात, आणि घरांतील वृद्धांचीं व सुनांचीं नांवें त्याच वेळीं पाहून घेतां येतात.