हॉप्सच्या घरगुती बिअरची पारख: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत घरापुरती बिअर बनवायला १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. १९७२ मध्ये आलेल्या कॅस्केड या हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) वाणाने तिथल्या हौशी मंडळींना पपनसाच्या सालीसारख्या वासाची चटक लावली. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे.) घरची बिअर चाखताना ‘आपला तो बाब्या’ होतंच, शिवाय काही समजुती पक्क्या बसलेल्या असतात.

गैरसमज: जितकी कडू, तितकी हॉप्सची.
वस्तुस्थिती: हॉप्समधली अल्फा आम्लं तासभर उकळली की रूप बदलून कडूपणा देतात, तेवढ्या वेळात सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वासासाठीचे हॉप्स उकळीच्या शेवटी किंवा थेट आंबवणीच्या भांड्यात टाकतात. त्यांनी वास दरवळतो, कडूपणा थोडाच वाढतो. ‘आयबीयू’चा आकडाही जपून वाचावा. लिटरमागे साधारण किती मिलिग्रॅम कडू द्रव्य आहे, एवढंच तो सांगतो. ५० आयबीयूची बिअर माल्टचा गोडवा असेल तर सौम्य लागते, नसेल तर कडूजहर.

गैरसमज: गढूळ म्हणजे बिघडलेली.
वस्तुस्थिती: न्यू इंग्लंड पद्धतीच्या आयपीए (इंडिया पेल एल) या बिअरमध्ये ओट्स, गहू आणि भरपूर हॉप्स असतात. त्यांतली प्रथिनं आणि पॉलिफेनॉल एकत्र आल्याने ती धूसर दिसते. तिथे रंग पाहावा. फिकट पिवळी बिअर करडी-तपकिरी पडली, तर तिला हवा लागली आहे.

गैरसमज: मुरली की चव खुलते.
वस्तुस्थिती: ही काही लोणच्याची बरणी नव्हे. हॉप्सचा सुवास सगळ्यात आधी ओसरतो आणि ऑक्सिजनमुळे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. बाटली थंड ठेवावी, लवकर संपवावी.

गैरसमज: बर्फासारखी गार असली तरच मजा.
वस्तुस्थिती: फार गारठ्यात सुवासही दबतो आणि दोषही लपतात. पारखताना ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान बरं. ग्लास स्वच्छ हवा. तेलकटपणाने फेस बसतो. ओतल्याबरोबर आधी वास घ्यावा, मग घोट.

गैरसमज: विचित्र वास येतो तो हॉप्सचाच.
वस्तुस्थिती: बिअर उन्हात राहिली की हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून उग्र, कुबट वासाचं गंधकयुक्त रसायन तयार होतं. तपकिरी काच ते बरंच रोखते. हिरवी किंवा पारदर्शक काच नाही. लोण्याचा वास आला तर तो डायअसेटिल या आंबवणीतल्या द्रव्याचा. बाटल्या भरण्याआधी दोन नमुने घ्यावेत. एक झाकून साधारण ६० अंशांवर वीसेक मिनिटं तापवावा, गार करून दोन्ही हुंगावेत. तापवलेल्यातच लोणी जाणवलं, तर डायअसेटिल पचवण्याचं यीस्टचं काम अजून उरलं आहे.

गैरसमज: मित्रांनी वाहवा केली, म्हणजे जमली.
वस्तुस्थिती: फुकटच्या ग्लासाला नावं कोण ठेवणार? १९८५ पासून परीक्षक तयार करणाऱ्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रामच्या गुणपत्रिकेत ५० पैकी सुवासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. घरी तीन ग्लासांची चाचणी पुरते: दोनांत आपली बिअर, तिसऱ्यात त्याच प्रकारची दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायला सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकाचं उत्तर बरोबर येतं, म्हणून चाचणी अनेकांकडून आणि पुन्हा पुन्हा करून घ्यावी.